कपाटात आहे, शोधात नाही

१८९० सालच्या मार्च महिन्यात जेसी वॉल्टर फ्यूक्स नावाचे संशोधक अमेरिकेच्या मेन राज्यातल्या कॅलिस या गावी गेले. बरोबर एडिसनचा फोनोग्राफ होता. तिथल्या पॅसामाक्वॉडी या मूळनिवासी समाजातल्या काही जणांना त्यांनी बोलायला, गायला लावलं आणि ते आवाज मेणाच्या नळकांड्यांवर उतरवून घेतले. एखाद्या समाजात प्रत्यक्ष जाऊन केलेलं हे जगातलं सर्वांत जुनं ध्वनिमुद्रण मानलं जातं. त्यातली ३१ नळकांडी टिकली आणि आज ती लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे आहेत.

जतन झालं, नोंद झाली, क्रमांक पडले. फक्त ज्यांच्या आजोबा-पणजोबांचे ते आवाज होते, त्यांच्या कानावर ते सुमारे ९० वर्षं पडलेच नाहीत. १९८०च्या दशकात कॅसेटवरच्या प्रती समाजाकडे पोचल्या, पण खरखर एवढी की शब्द लागेनात.

ग्रंथालयांबद्दल बोलताना 'जतन' हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. वस्तू शाबूत आहे म्हणजे ज्ञान शाबूत आहे, असं गृहीत धरतो. पण ज्याला गरज आहे त्याला ते सापडलं पाहिजे, समजलं पाहिजे, आणि ते खरं कशावरून हे दाखवता आलं पाहिजे. तोवर ते फक्त ठेवलेलं असतं. गेल्या १५-२० वर्षांत जगभरच्या ग्रंथपालांनी या 'ठेवलेल्या'ला 'दिसणारं' करण्यासाठी विकिपीडियासारखी मुक्त व्यासपीठं हाताशी धरली. हे काम म्हणजे नुसतं स्कॅन करून वर चढवणं, असा एक समज आहे. स्कॅनिंग हा त्यातला सगळ्यात सोपा भाग आहे.

पुरावा दाखवा

विकिपीडिया १५ जानेवारी २००१ रोजी सुरू झाला. आज तो ३००हून अधिक भाषांत आहे आणि एकट्या इंग्रजीत ७० लाखांहून जास्त लेख आहेत. कुणीही लिहू शकतं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. कुणीही लिहिलेलं टिकतंच असं नाही, हे मात्र पहिला लेख उडाल्यावर कळतं.

टिकण्याचे नियम थोडक्यात असे. लिहिलेली गोष्ट आधी कुठेतरी विश्वासार्ह ठिकाणी प्रसिद्ध झालेली हवी. स्वतःचं नवं संशोधन इथे मांडायचं नाही. आणि ज्या विषयावर लेख आहे, त्याची इतर कुणीतरी स्वतंत्रपणे दखल घेतलेली हवी. नियम वाजवी आहेत. ते नसते तर विकिपीडिया केव्हाच अफवांचं आगर झाला असता. पण त्यांचा एक परिणाम सहसा लक्षात येत नाही. जिथे वर्तमानपत्रं भरपूर, विद्यापीठं भरपूर, प्रकाशक भरपूर, तिथल्या फुटकळ गोष्टीलाही संदर्भ मिळतो. जिथे ज्ञान तोंडी आहे, किंवा छापलेलं आहे पण २०० प्रतींच्या पुस्तिकेत, तिथली मोठी गोष्टसुद्धा 'संदर्भ हवा' या शिक्क्याखाली अडकते. २००९ साली ऑक्सफर्डचे भूगोलतज्ज्ञ मार्क ग्रॅहम यांनी विकिपीडियावरच्या लेखांचा नकाशा काढला, तेव्हा आफ्रिकेतल्या बहुतेक देशांपेक्षा अंटार्क्टिकावर जास्त लेख निघाले. अंटार्क्टिकावर कायमची वस्तीच नाही!

संदर्भाचा हा खेळ भल्याभल्यांना नडतो. कॅनडाच्या भौतिकशास्त्रज्ञ डोना स्ट्रिकलंड यांच्यावरच्या लेखाचा मसुदा मे २०१८मध्ये पुरेसे संदर्भ नाहीत म्हणून परत पाठवला गेला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांना नोबेल मिळालं. विद्यापीठातल्या शास्त्रज्ञाची ही गत, तर एखाद्या खोऱ्यातल्या बियाणं जपणाऱ्या बाईची किंवा बोलीभाषेत लिहिणाऱ्या कवीची काय होत असेल?

याच मुद्द्याची सगळ्यात बोलकी गोष्ट विकिपीडियाच्याही आधीची आहे, आणि ती हळदीची आहे. जखम भरायला हळद वापरण्याचं पेटंट १९९५ साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळालं. भारताच्या सीएसआयआरने, म्हणजे वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने, त्याला आव्हान दिलं. आता जखमेवर हळद लावतात हे आम्हाला पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे, असं सांगून पेटंट कार्यालय ऐकत नाही. त्याला छापील पुरावा लागतो. सीएसआयआरने ३२ संदर्भ गोळा केले. त्यांत जुने संस्कृत, उर्दू, हिंदी मजकूर होते आणि १९५३ सालच्या एका वैद्यकीय नियतकालिकातला लेखही होता. १९९७ साली पेटंट रद्द झालं. माहिती कोट्यवधी लोकांकडे होती. कामाला आले ते ३२ कागद. आणि असे कागद कुठे असतात? कुणीतरी ज्यांची दाखल नोंदवहीत नोंद करून ठेवलेली असते, त्या कपाटांत.

ग्रंथपालाचं या सगळ्यात स्थान आहे ते इथे. त्याने स्वतः लेख लिहिलाच पाहिजे असं नाही. कुणीतरी लिहिलेल्या, 'संदर्भ हवा' म्हणून लटकलेल्या एका वाक्याला त्याच्या कपाटातल्या पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक, वर्ष आणि पान क्रमांक जोडला, की ते वाक्य वाचलं. २०१६च्या जानेवारीत विकिपीडियाच्या पंधराव्या वाढदिवसाला 'एक ग्रंथपाल, एक संदर्भ' ही मोहीम सुरू झाली, ती याच साध्या हिशोबावर. ती अजून दर वर्षी चालते. आफ्रिकेतल्या ग्रंथालय संघटनांची एक शिखर संस्था आहे, आफ्लिया. तिचं मुख्यालय घानाची राजधानी आक्रा इथे आहे. तिने मे २०२०मध्ये आफ्रिकी ग्रंथपाल सप्ताह भरवून आफ्रिकेवरच्या लेखांना संदर्भ जोडायला ग्रंथपालांना बसवलं, आणि पुढे ग्रंथपालांसाठी विकिपीडियाचा रीतसर अभ्यासक्रमच तयार केला. मला यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. सप्ताह संपतो; शिकलेला माणूस राहतो.

दोन गैरसमज इथेच दूर केलेले बरे, कारण त्यांच्यामुळे कितीतरी लहान ग्रंथालयं सुरुवातच करत नाहीत. संदर्भ ऑनलाइन असावाच लागत नाही. आणि इंग्रजीत तर अजिबातच असावा लागत नाही. इंग्रजी विकिपीडियावरच्या लेखालाही कुठल्याही भाषेतलं छापील पुस्तक संदर्भ म्हणून चालतं, अट एवढीच की शोधायचंच ठरवलं तर ते कुणालातरी सापडू शकलं पाहिजे. म्हणून पान क्रमांक द्यायचा.

चालत नाही ते वेगळंच. अप्रकाशित डायरी, हस्तलिखित टिपणं, कार्यालयीन पत्रव्यवहार हे विकिपीडियावर संदर्भ म्हणून बसत नाहीत. एखाद्या संस्थेची स्मरणिका स्वतःच्या स्थापनेचं वर्ष सांगायला चालते, पण 'ही परिसरातली अग्रगण्य संस्था आहे' हे सांगायला नाही. खुद्द ग्रंथपालाने स्वतःच्या ग्रंथालयावर लेख लिहिणंही टाळावं. मग त्या डायरीचं काय करायचं? ग्रंथालयानेच ती संपादित करून, प्रस्तावना आणि टिपा देऊन प्रसिद्ध करावी, किंवा तिच्यावर एखाद्या अभ्यासकाला लिहितं करावं. हा मार्ग लांबचा आहे. पण ग्रंथालय हे फक्त पुस्तकं ठेवण्याचं ठिकाण नसून पुस्तकं तयार होण्याचंही ठिकाण आहे, हे त्यातून उमगतं.

नाव चुकलं तर वाट चुकली

संदर्भ असूनही गोष्ट सापडत नाही, याचं दुसरं कारण म्हणजे तिला दिलेलं नाव. ग्रंथालयात पुस्तक कुठल्या विषयाखाली ठेवायचं हे ग्रंथपाल ठरवत नाही, वर्गीकरणाची पद्धत ठरवते. ती पद्धत बनवणाऱ्याचं जग जेवढं, तेवढं तिचं जग. ड्यूई दशांश वर्गीकरण १८७६ साली प्रसिद्ध झालं. त्यात धर्माला २०० ते २९९ असे क्रमांक दिले; पैकी २२० ते २८९ ख्रिस्ती धर्माला. बाकी सगळ्या जगाचे धर्म २९०च्या पुढे दाटीवाटीने. इस्लामला २९७, हिंदू धर्माला तर २९४च्या पोटातला दशांश. ड्यूईंच्या मनात काही दुष्टावा होता असं मानायची गरज नाही. त्यांच्यासमोरच्या कपाटात जी पुस्तकं होती, त्या मापाचे कप्पे त्यांनी केले. पण कप्पे एकदा झाले, की नवं पुस्तक कप्प्याच्या मापाने कापलं जातं.

कॅनडात मोहॉक समाजातले ग्रंथपाल ब्रायन डियर यांनी १९७०च्या दशकात यावर सरळ उपाय केला. मूळनिवासींवरची सगळी पुस्तकं 'इतिहास'च्या एका कोपऱ्यात का कोंबायची? त्यांनी स्वतःची पद्धत तयार केली. तिच्यात शेजारी असलेले समाज कप्प्यांतही शेजारी आले. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या मूळनिवासी ग्रंथालयात तिचंच एक रूप आजही वापरात आहे. न्यूझीलंडमध्ये माओरी विषयशीर्षकांची स्वतंत्र यादी तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयाने आणि ग्रंथपालांच्या संघटनांनी मिळून केली. त्यात शब्द माओरी आहेतच, पण कुठला विषय कुणाच्या पोटात जातो हेही माओरी समजुतीप्रमाणे ठरतं.

ऑनलाइन जगात हे नावाचं दुखणं आणखी वाढतं. एकच गाव तीन लिप्यांत, पाच स्पेलिंगांनी लिहिलेलं असतं. एकाच नावाचे चार लेखक असतात. टोपणनावाने लिहिणाऱ्याचं खरं नाव फक्त त्याच्या जुन्या वाचकांना ठाऊक असतं. ग्रंथपालांना हे नवं नाही. 'हा तोच लेखक का?' हे ठरवून एकच प्रमाण नाव मुक्रर करणं, हे तालिका, म्हणजे ग्रंथालयातल्या पुस्तकांची सूची, करणाऱ्याचं जुनं, किचकट आणि कुणी कधी कौतुक न केलेलं काम आहे. मोठ्या राष्ट्रीय ग्रंथालयांनी अशा प्रमाण नावांच्या याद्या एकमेकींना जोडून व्हीआयएएफ नावाची आंतरराष्ट्रीय सूची केली. पण ज्यांची पुस्तकं त्या ग्रंथालयांपर्यंत पोचलीच नाहीत, ते लेखक त्या सूचीतही नाहीत.

विकिडेटाचा उपयोग इथे होतो. विकिपीडियाचंच हे भावंड, २९ ऑक्टोबर २०१२ रोजी सुरू झालं. विकिपीडियात लेख असतात, विकिडेटात फक्त सुट्या नोंदी. जगातल्या प्रत्येक गोष्टीला एक क्रमांक. पृथ्वीचा क्रमांक आहे 'क्यू २'. त्या क्रमांकाखाली छोटी छोटी विधानं: अमुक व्यक्ती, जन्मस्थान तमुक, अमुक तलाव, बांधल्याचं वर्ष तमुक, आणि प्रत्येक विधानाला संदर्भ. गोष्टीचं नाव हव्या तेवढ्या भाषांत लिहिता येतं, सगळी टोपणनावं खाली नोंदवता येतात. क्रमांक मात्र एकच. कुठल्याही स्पेलिंगने शोधा, वाट तिथेच जाते.

तालिकापत्र ज्याने एकदा तरी हाताने केलं आहे, त्याला हे लगेच ओळखीचं वाटेल. फरक एवढाच की हे तालिकापत्र ग्रंथालयाच्या खणात राहत नाही. सर्च इंजिनं, आवाजावर चालणारे मदतनीस, भाषेची यंत्रं ही सगळी तिथून माहिती उचलतात. लेख लिहिण्याइतका मजकूर नसलेल्या लेखकाचीही नोंद विकिडेटात होऊ शकते, कारण तिथली पात्रतेची अट विकिपीडियापेक्षा सैल आहे. ज्या ग्रंथालयाला सुरुवात कुठून करावी कळत नसेल, त्याने आपल्या परिसरातल्या लेखकांपासून आणि बंद पडलेल्या नियतकालिकांपासून विकिडेटावर करावी, असं माझं मत आहे. लेखांपेक्षा हे काम कंटाळवाणं आहे. वाद मात्र कमी होतात आणि केलेलं टिकतं.

मालकी कपाटाची, की चित्राची?

छायाचित्रं आणि मजकूर यांचं गणित निराळं. विकिमीडिया कॉमन्सवर चित्रं, ध्वनी, चित्रफिती ठेवता येतात. विकिस्रोतावर जुनी पुस्तकं पानापानाने टंकून, तपासून ठेवता येतात. अडचण येते ती प्रताधिकाराची. ग्रंथालयात फोटो आहे म्हणजे ग्रंथालय त्याचं मालक, असं बहुतेकांना वाटतं. ग्रंथालय मालक असतं ते कागदाचं. चित्राचा हक्क छायाचित्रकाराचा, त्याच्यानंतर वारसांचा. प्रताधिकाराच्या आंतरराष्ट्रीय बर्न करारानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर किमान ५० वर्षं हक्क राहतो. अनेक देशांत ही मुदत ६० किंवा ७० वर्षं आहे. देणगीत आलेल्या अल्बमाबरोबर हक्काचं पत्र आलेलं नसेल, तर तो अल्बम वर चढवता येत नाही. म्हणून देणगी स्वीकारतानाच लेखी परवानगी घेण्याची सवय ही कुठल्याही महागड्या स्कॅनरपेक्षा मोलाची. परवानगीसाठी कायद्याची भाषा रचत बसायला नको; क्रिएटिव्ह कॉमन्स या संस्थेचे तयार परवाने २००२पासून आहेत.

मुदत संपलेल्या, हक्कमुक्त साहित्याचं मात्र बिनदिक्कत सोनं करता येतं. २०२०च्या टाळेबंदीत स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने घरी बसलेल्या कर्मचाऱ्यांना विकिस्रोतावर बसवलं. काम होतं जुन्या चॅपबुकांचं: रस्त्यावर फेरीवाले विकत अशा स्वस्त, आठ ते चोवीस पानी पुस्तिका, गाणी, गुन्ह्यांच्या कहाण्या, भविष्यं. अशा सुमारे ३ हजार पुस्तिकांचे स्कॅन ग्रंथालयाकडे होते, पण यंत्राने वाचलेला मजकूर चुकांनी भरलेला. माणसांनी तो ओळीओळीने दुरुस्त केला. एरवी मोटार चालवणारे, दरवाजावर बसणारे कर्मचारीही यात असतील तर मला नवल वाटणार नाही. या कामाला पदवी लागत नाही, नजर लागते. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने तर ही दुरुस्ती वाचकांवरच सोपवली. 'ट्रोव्ह' या त्यांच्या संकेतस्थळावर जुन्या वर्तमानपत्रांतल्या कोट्यवधी ओळी सामान्य वाचकांनी सुधारल्या आहेत. यंत्राने नीट न वाचलेलं पान शोधात येत नाही, म्हणजे स्कॅन असूनही ते नसल्यासारखंच. ज्या लिप्यांसाठी अशी यंत्रं उशिरा आणि कच्ची तयार झाली, त्यांचा तर अर्धा डिजिटल संग्रह असाच मुका आहे.

वाचक फक्त चुका सुधारत नाहीत, माहितीही देतात. जानेवारी २००८मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसने ३ हजारांहून अधिक जुनी छायाचित्रं फ्लिकर या फोटोंच्या संकेतस्थळावर ठेवली आणि लोकांना विचारलं, यात कोण आहे, हे कुठलं आहे? पहिल्या वर्षभरातच ५००हून अधिक चित्रांच्या नोंदी लोकांनी पुरवलेल्या माहितीने सुधारल्या गेल्या. लोकांनी सांगितलेलं जसंच्या तसं घेतलं नाही. ग्रंथपालांनी पडताळलं, मग तालिकेत घातलं.

घाईने केलेली सेवा

पडताळणी वगळली तर काय होतं, याची दोन उदाहरणं. २००८ साली एका अमेरिकी विद्यार्थ्याने कोआटी नावाच्या दक्षिण अमेरिकी प्राण्याच्या लेखात गंमत म्हणून 'याला ब्राझिलियन आर्डवार्कही म्हणतात' असं घुसडलं. असं कुणीच म्हणत नव्हतं. पण वर्तमानपत्रांनी ते उचललं, पुस्तकांत गेलं, आणि मग तीच छापील वाक्यं विकिपीडियात पुरावा म्हणून परत आली. खोटं उघड व्हायला २०१४ साल उजाडलं.

दुसरं उदाहरण जास्त चटका लावणारं. ऑगस्ट २०२०मध्ये लक्षात आलं की स्कॉट्स या स्कॉटलंडमधल्या, इंग्रजीला जवळच्या भाषेच्या विकिपीडियावरचे २० हजारांहून जास्त लेख एकाच अमेरिकी मुलाने लिहिले आहेत, आणि त्याला स्कॉट्स येत नाही. इंग्रजी वाक्यं घेऊन शब्दकोशातून शब्द बदलत गेलेला. हेतू वाईट नव्हता. बारा वर्षांचा असताना त्याने हे काम सुरू केलं होतं. पण बाहेरचा कुणी ती भाषा पाहायला आला, तर त्याला ती 'चुकीची इंग्रजी' वाटावी अशी अवस्था होऊन बसली. अशा छोट्या विकिपीडियांवर लक्ष ठेवणारे भाषकच नसतील, तर अनुपस्थितीपेक्षा वाईट अशी उपस्थिती तयार होते. लेखांची संख्या फुगवणाऱ्या मोहिमांकडे मी म्हणूनच जरा संशयाने बघतो.

उलट बाजूची अडचणही खरी आहे. जे ज्ञान कधी छापलंच गेलं नाही, त्याला संदर्भ आणायचा कुठून? २०११ साली अचल प्रभला या भारतीय संशोधकांनी विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनच्या मदतीने एक प्रयोग केला. मल्याळम, हिंदी आणि दक्षिण आफ्रिकेतली सेपेडी या भाषांत जाणत्या माणसांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित केल्या, त्या कॉमन्सवर ठेवल्या आणि लेखांना संदर्भ म्हणून जोडल्या. खेळ, रीती, पाककृती असे विषय. मोठ्या विकिपीडियांनी हा मार्ग सरसकट मान्य केला नाही. एका माणसाचं म्हणणं पडताळायचं कसं, हा त्यांचा प्रश्न. प्रश्न रास्त आहे. पण ज्या पुस्तकाला आपण बिनतक्रार संदर्भ मानतो, तेही अनेकदा एका बाहेरच्या माणसाने अशाच एका जाणत्याला विचारून लिहिलेलं असतं. फरक मधल्या छापखान्याचा. ग्रंथालयाने अशा मुलाखतींना तारीख, ठिकाण, बोलणाऱ्याची लेखी संमती आणि प्रत्येक मिनिटाचा मजकूर यांसह नीट नोंदवलं, तर निदान पडताळणीची सोय होते. कुणीतरी त्यावर लिहील, आणि ते लिहिलेलं मग संदर्भ होईल.

सगळंच उघडायचं नसतं

मुक्त ज्ञानाचा उत्साह असलेल्या माणसाला एक गोष्ट पचायला जड जाते. काही ज्ञान त्याच्या मालकांनाच सर्वांसाठी उघडं नको असतं. हळदीच्या प्रकरणानंतर भारताने २००१ साली पारंपरिक ज्ञानाचं डिजिटल ग्रंथालय उभं केलं. आयुर्वेद, युनानी, सिद्ध यांतली सूत्रं इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश आणि जपानी या पाच भाषांत आणली. पण पाहण्याची मुभा पेटंट कार्यालयांनाच, तीही गुप्ततेच्या करारावर. उघडं ठेवलं तर चोरांनाच यादी मिळेल, ही भीती. २०२२ साली ते इतरांसाठीही हळूहळू खुलं करण्याचा निर्णय झाला. चोरी रोखण्यासाठी पुरावा दाखवावा लागतो आणि पुरावा दाखवला की चोरीची वाट उघडते, हा पेच या ग्रंथालयाच्या जन्मापासून त्याच्याबरोबर आहे.

ऑस्ट्रेलियातल्या टेनंट क्रीक भागातल्या वारुमुंगू समाजाबरोबर काम करताना किम्बर्ली ख्रिस्टन यांनी वेगळी वाट काढली. 'मुकुर्तू' हे त्या संगणक प्रणालीचं नाव. वारुमुंगू भाषेत तो पवित्र वस्तू ठेवायच्या पिशवीसाठीचा शब्द आहे. पिशवीतलं पाहायचं तर वडीलधाऱ्यांना विचारावं लागतं. प्रणालीही तशीच: कुठला फोटो सर्वांनी पाहायचा, कुठला फक्त स्त्रियांनी, कुठला फक्त त्या कुटुंबाने, हे समाज ठरवतो. मृत व्यक्तीचं चित्र समोर येण्याआधी सूचना येते. ग्रंथालयं आणि संग्रहालयं ती विनामूल्य वापरू शकतात.

इथे मुक्त व्यासपीठाच्या नियमाशी खरी टक्कर होते. कॉमन्सवर चित्र ठेवायचं तर कुणालाही, कशासाठीही, व्यापारासाठीसुद्धा ते वापरू द्यावं लागतं. 'पाहा, शिका, पण विकू नका' हा परवाना तिथे चालत नाही. नियमामागचं तर्कशास्त्र मला पटतं. प्रत्येकाच्या अटी सांभाळत बसलं तर सामायिक भांडार उभंच राहणार नाही. पण त्यामुळे ग्रंथपालाला प्रत्येक वस्तूपाशी थांबून ठरवावं लागतं: हिची फक्त नोंद विकिडेटावर द्यायची, की चित्रही कॉमन्सवर द्यायचं, की काहीच न देता 'आमच्याकडे आहे, येऊन विचारा' एवढंच सांगायचं. आणि हे ठरवायला ज्यांचं ते आहे त्यांच्या दारात जावं लागतं, हे तर सगळ्यात वेळखाऊ काम.

पॅसामाक्वॉडींच्या नळकांड्यांचं पुढे तेच झालं. लायब्ररी ऑफ काँग्रेसने नव्या तंत्राने आवाज स्वच्छ केला आणि समाजातल्या भाषेच्या जाणकारांनी तो ऐकून शब्द उतरवले. १२० वर्षांहून जुन्या नोंदींत बाहेरच्या माणसाने दिलेली वर्णनं होती. आता त्यांना पॅसामाक्वॉडी भाषेतली शीर्षकं मिळाली. २०१८पासून ध्वनिमुद्रणं ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर ऐकता येतात. प्रत्येकाशेजारी समाजाने स्वतःच्या भाषेत लिहिलेली लेबलं आहेत. एकाचा अर्थ, हे कसं करायचं असतं. दुसऱ्याचा, हे शिकवण्यासाठी आहे. तिसऱ्याचा, हे विकायचं नाही.